डोहातला दगड

गेल्या सत्रातली गोष्ट. आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात एक चित्र दाखविले. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांचे दाट रान आणि मधल्या उतारावर पसरलेले नुसते दगड. माती नाही, गवत नाही. दगड कसे, तर सगळे गोल, गुळगुळीत, जणू कोणी जन्मभर बसून घासलेले. सर म्हणाले, "हे ठिकाण समुद्रसपाटीपासून पुष्कळ उंचावर, रानात आहे. सांगा पाहू, हे दगड गोल कोणी केले?"

मी सहसा वर्गात बोलत नाही. माझे मराठी बरे असले तरी तोंड उघडले की मागच्या बाकावरून कोणीतरी 'जंगलातली' म्हणून हळूच हसते, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी राहवले नाही. "नदीनं, सर," मी म्हणाले. "आमच्या गावी नदीत असेच दगड आहेत."

"नदीने नव्हे, समुद्राने," सर म्हणाले, आणि वर्ग हसला. मग एकाने विचारलेच, "सेमाडोहला समुद्र कधी आला होता?"

या लेखाचे मूळ त्या हसण्यात आहे. राग म्हणून लिहीत नाही. तो प्रश्न खरोखरच चांगला होता, इतकेच.

ते चित्र स्वीडन देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचे. त्या भागाला 'उंच किनारा' असेच नाव आहे. शेवटच्या हिमयुगात तिथे काही किलोमीटर जाडीचा बर्फ साचला होता. त्या ओझ्याने जमीन खाली दबली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून मागे हटला आणि दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. सरांनी दिलेला दाखला आम्हा वऱ्हाडातल्या मुलांना लगेच पटला : कापसाच्या गादीवर रात्रभर माणूस निजला आणि सकाळी उठला, तर गादी एकदम फुगत नाही, अंमळ वेळाने भरून येते. तशी ती जमीन अजून भरून येते आहे, दर वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर. वर येता येता तिचा प्रत्येक भाग एकदा तरी लाटांच्या तडाख्यात सापडला. लाटांनी बारीक माती धुऊन नेली, जड दगड एकमेकांवर आपटून गोल केले, आणि मग ती जमीन तो दगडांचा किनारा अंगावर घेऊन वर निघून गेली. सर्वांत जुना किनारा आज समुद्रापासून २८५ मीटर उंचीवर आहे. २००० साली त्या भागाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. २००६ साली समोरच्या फिनलंडच्या बाजूचा क्वार्केन नावाचा द्वीपसमूहही त्यात जोडला गेला.

मी आजवर समुद्र पाहिलेला नाही. त्यामुळे लाट म्हणजे काय हे मी डोळे मिटून सिपनेच्या पुरावरून ताडून पाहिले. दगड पुढे सरकताना पाण्याखालून जो गडगडाट येतो तो आमच्या घरी आषाढातल्या रात्री अंथरुणात ऐकू येतो. आजी म्हणते, नदी दळते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा नदीतून एक दगड आणला. काळा, अंड्याच्या आकाराचा, हातात मावेल एवढा. सरांना दाखविला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा आगीतून आला आणि पाण्याने घडला. त्यांचा बर्फ आणि लाटा, तुमची आग आणि नदी." मग त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितले ते मला पुरे आयुष्यभर पुरेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि भाकरीवर भाकरी रचावी तसे त्याचे थर एकावर एक बसले. तोच आपला काळा पाषाण. गाविलगडचा डोंगर त्याचाच. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी भूकवचात मोठा तडा आहे. त्याच्या अलीकडचा भाग उभा राहिला, पलीकडचा खचला, आणि खचलेल्या भागावर पूर्णेने गाळ आणून टाकला. परतवाड्याहून घाट चढताना एस.टी. ज्या भिंतीवर हळूहळू चढते ती ही भिंत. वर मात्र खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्यांनी तो पाषाण कोरून खोल दऱ्या केल्या आहेत. पाचही तापीला मिळतात. म्हणजे आमच्या दारातला दगड झिजून झालेली वाळू सुरतेजवळ समुद्रात जात असे. १९७२ पासून मध्ये उकाईचे धरण आहे, तेव्हा आता बरीचशी तिथेच बसत असेल. असो. निदान सेमाडोहला समुद्र येत नसला तरी सेमाडोह समुद्राकडे जात होता, एवढे उत्तर त्या मित्राला देता येईल.

आणि वऱ्हाडाने समुद्राला हसू नये. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या मैत्रिणी सुट्टीहून परतल्या की वसतिगृहाचे पाणी गोड लागते म्हणतात. ते खारेपण गाळातल्या क्षारांचे आहे, समुद्राचे नव्हे, हे खरे. परंतु आमच्या उत्तरेला, नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या आसपास समुद्री जिवांचे अवशेष खडकात सापडतात, कारण लाव्हाच्याही आधी तिथवर समुद्र शिरला होता. बर्फाचे म्हणाल तर तोही आपल्या विदर्भातच आहे. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई येथे चुनखडीचा एक थर असा घासलेला, रेघा ओढलेला आहे की हिमनदीखेरीज कोणी तसा घासू शकत नाही. त्याच्यावर हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांचा थर आहे. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८७५ साली त्याविषयी लिहिले. तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, भारताची भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती त्या काळातला. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, तिथे हिमनदी! हे वाचल्यापासून मला कोणत्याही गावाच्या 'आम्ही इथले मूळचे' या वाक्याविषयी थोडी भीती वाटते, आमच्या गावाच्यासुद्धा.

दगडाची गोष्ट इथे संपली असती. पण सरांनी तो परत देताना हसत हसत विचारले, "पास आहे का याचा?"

मला वाटले थट्टा आहे. थट्टाच होती, पण पोकळ नव्हती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपज कशाला म्हणावे याची यादी आहे. लाकूड, मध, लाख, पाने, फुले यांच्याबरोबर जंगलातला खडक आणि वरची मातीसुद्धा तीत आहे. अभयारण्यातून वनोपज विनापरवाना हलविणे हा गुन्हा. म्हणजे अंड्याएवढा दगड पिशवीत घालून मी एस.टी.त बसले तेव्हा माझ्या हातून काय झाले ते वाचकांनीच ठरवावे. माझ्या आईचा पाटा-वरोटा नदीचाच आहे, आजीच्या सासूने आणलेला. चुलीचे तीन दगडही नदीचेच. आमच्या घरात जे जड आहे ते बहुतेक सगळे सिपनेचे आहे. आणि गंमत पाहा, सिपना म्हणजे आमच्या कोरकू भाषेत साग. नदीचे नावच वनोपज!

या थट्टेमागे जो प्रश्न आहे त्यावर मला माझे मत मांडायचे आहे. राखून ठेवलेली जागा कोणाची?

थोडी माहिती देते, कारण आपल्या महाविद्यालयातल्या पुष्कळांना मेळघाट म्हणजे चिखलदऱ्याची सहल किंवा कुपोषणाची बातमी एवढेच ठाऊक असते. व्याघ्र प्रकल्प देशात १९७३ साली सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, १९७४ साली जाहीर झाला. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि १९८७ मध्ये आतल्या ३६१.२८ चौरस किलोमीटर भागाचे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. या रानात वाघ आहे, गवा आहे, अस्वल आहे. शंभराहून अधिक वर्षे नाहीसा झाला असे समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो नंतर आमच्या रानातही आढळला. आणि या रानात आम्हीही आहोत. कोरकू म्हणजे नुसते 'माणसे'. कोरो म्हणजे माणूस, त्याचे अनेकवचन. आमची भाषा मराठीची नव्हे, हिंदीचीही नव्हे. मुंडारी, संथाळी यांच्या कुळातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. वाघाला आम्ही कुला म्हणतो आणि त्याला मामा मानतो. मामा भाच्याचे बैल नेतो तेव्हा काय वाटते ते मी इथे लिहीत नाही. ते शब्द वार्षिक अंकात छापता येणार नाहीत.

गेल्या पंचवीस वर्षांत आतली अनेक गावे उठली. बोरी, कोहा, कुंड ही सुरुवातीची. नंतर अकोट तालुक्याच्या बाजूची धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी किती तरी. हे उठणे सर्वथा वाईट झाले असे म्हणणे खोटे ठरेल. गावे उठली तिथल्या शेतांत गवताची कुरणे झाली, सांबर आणि गवे तिथे उतरले, त्यांच्यामागे वाघ आला. पण जानेवारी २०१९ मध्ये काय झाले तेही विसरता येत नाही. अकोटकडे पायथ्याशी वसविलेले लोक आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून आपल्या जुन्या गावच्या जागी परतले. त्यांच्यात आणि वनकर्मचारी-पोलीस यांच्यात चकमक झाली आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. वनरक्षकाची नोकरी करणारा मुलगाही बहुधा माझ्यासारखाच घरातला पहिला शिकलेला असतो. त्या बातमीत मला दोन्हीकडे आमचीच घरे दिसली.

आमचे सेमाडोह आज आहे तिथेच आहे. तरीही घरोघरी हिशेब चालतो, कारण आसपासची गावे डोळ्यांदेखत गेली. नियम असा की जे कुटुंब जाईल त्याला पूर्वी १० लाख रुपये मिळत, २०२१ पासून १५ लाख. कुटुंब म्हणजे काय? अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेला असो वा नसो, वेगळे कुटुंब. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी, वेगळे कुटुंब. विधवा, वेगळे कुटुंब. माझ्या भावाने एका रात्री मोबाईलवर आकडे मांडले : आईबाबा एक, तो एक, आजी विधवा म्हणून एक, मी एकोणीस वर्षांची म्हणून एक. एका चुलीवर जेवणारी आम्ही चार कुटुंबे. साठ लाख. बाबांनी उभ्या आयुष्यात एकरकमी साठ हजार पाहिलेले नाहीत. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू इतक्यात लग्न करू नको." सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागली नाही. पंधरा लाखांना माझी किंमत झाली म्हणून नव्हे. खरे सांगायचे तर ते पैसे मिळाले तर मी एम.ए. करीन, हा विचार सर्वांत आधी माझ्याच मनात आला म्हणून.

तेव्हा 'शहरातले लोक आम्हाला हाकलतात' असे सरळ वाक्य मला लिहिता येत नाही. आमच्यातल्या तरुणांना जायचे आहे. दवाखाना हवा, मोबाईलला रेंज हवी, पावसाळ्यात तुटणार नाही असा रस्ता हवा. ज्या मित्रांना वाटते की आदिवासी मुलीने 'जल, जंगल, जमीन' एवढेच बोलावे, त्यांना मी निराश करणार आहे. आणि ज्यांना वाटते की वाघासाठी सगळी गावे एका सहीने उठवावीत, त्यांना खाली सांगितलेली हकीकत वाचावी अशी विनंती आहे.

मागच्या उन्हाळ्यात आत्याच्या गावी गेले होते. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे सभा होती. साहेब आले होते. वाईट गृहस्थ नव्हते. उन्हात पायी आले, सर्वांना चहा दिला, मलाही बिस्किटांचा पुडा मिळाला. त्यांनी मराठीत कागद वाचला. समोर बसलेल्या बायाबापड्यांना बाजारापुरती हिंदी-मराठी येते, कागदाची येत नाही. आत्याने मला पुढे ढकलले : "ही कॉलेजात शिकते, ही सांगेल." मी सांगू लागले. पैसे, जमीन, घर, वीज, हे सगळे सांगता आले. मग शब्द आला 'स्वेच्छेने'. गाव स्वेच्छेने पुनर्वसनास तयार आहे. मी थांबले. मराठीच्या तासाला मी या शब्दाचा विग्रह करून दाखवीन. पण त्या क्षणी माझ्याच भाषेत मला तो नीट सांगता येईना. शेवटी म्हणाले, मन झाले तर जा, मन नाही झाले तर जाऊ नका, असे लिहिले आहे.

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "मन नाही झाले तर पुढे काय, ते लिहिले आहे का?"

मी साहेबांना विचारले. ते कागद चाळत राहिले. म्हणाले, "ते पुढे बघू."

नंतर एका आजीने विचारले, "मुंडा बरोबर नेता येईल का?" मुंडा म्हणजे आमच्यात मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेला सागाचा खांब. साहेबांना वाटले ती डोक्यावरच्या मुंडाशाविषयी विचारते आहे. म्हणाले, "न्या की, सगळे सामान न्या, ट्रक मिळेल." मी ते तसेच भाषांतर करून सांगितले. आजीचे समाधान झाले. चुकीच्या प्रश्नाच्या उत्तराने तिचे समाधान झाले आणि तिने अंगठा दिला. मी ते तिथल्या तिथे सुधारायला हवे होते. साहेब उठले होते, उन्हे उतरत होती, मला संकोच वाटला. मी गप्प बसले. त्या अंगठ्यात माझाही एक वाटा आहे असे मला वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण हे आहे.

आता पुन्हा त्या उत्तरेकडच्या दगडांकडे येते. समुद्रातून जमीन वर येते म्हटल्यावर मी सरांना विचारले होते, "सर, ती नवी जमीन कोणाची?" सरांनी त्या दिवशी सांगितले नाही. दोन दिवसांनी वाचून आले. फिनलंडच्या त्या द्वीपसमूहात दर वर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन पाण्याबाहेर येते. ती ज्याच्या बागेसमोर आली त्याची होत नाही, सरकारही ती आपली म्हणून घेत नाही. तिथल्या गावाच्या जमीनधारक घरांच्या मालकीचे जे सामाईक पाणी, त्याच पाण्यातून ती आली, म्हणून ती त्या सामाईक मालकांची. सर्वांची नव्हे, ज्यांची घरे पूर्वीपासून हक्कात आहेत त्यांचीच, तेव्हा तिथेही रामराज्य आहे असे समजू नये. तरी ती जागा जागतिक वारसा असूनही माणसे तिथे राहतात, मासे धरतात, होड्या लावतात. राखलेली जागा म्हणजे रिकामी जागा, असे त्यांच्या डोक्यात बसलेले दिसत नाही.

आपल्याकडेही दुसरे मार्ग निघाले आहेत. मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचे पाणी त्याचा गाभा. एकूण क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी विरोध केला आणि पुष्कळ काळ ते अभयारण्य कागदावरच राहिले. मला यात मच्छीमारांचा निव्वळ विजय दिसत नाही, कारण खडकातली प्रवाळे आणि मासे यांना त्याचा काय लाभ झाला, हाही प्रश्न आहेच. पण एक गोष्ट दिसते : समुद्रावर जगणाऱ्यांना 'नाही' म्हणता आले. आमच्यापेक्षा त्यांच्या मागे गावे मोठी, बाजार मोठा, आणि भाषा कागदाचीच. दुसरे उदाहरण तर आपल्या परतवाड्याजवळचेच, पायविहीर. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावाने झाडे राखली, सीताफळे एकत्र विकली, आणि २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायविहीर वाघाच्या गाभ्यात नाही, हे मान्य. पण गावाला जंगल राखता येत नाही हे म्हणणे तिथे खोटे ठरले, हेही मान्य करावे लागेल.

माझे मत विचाराल तर ते मोठे क्रांतिकारक नाही. ज्या गावाला उठायचे त्याने उठावे. ज्याला नाही त्याला 'नाही' म्हटल्यावर काय होईल ते त्याच कागदात लिहून द्यावे : रस्ता होईल की नाही, शाळा राहील की नाही, रेशन कुठे मिळेल. कागद कोरकूत वाचावा, आणि वाचणारी व्यक्ती बिस्किटांच्या पुड्यावर पकडून आणलेली विद्यार्थिनी नसावी. अंगठ्याच्या आधी गावातल्या चार बायकांना आधी उठलेल्या एखाद्या गावात नेऊन चार दिवस ठेवावे. पुरुषांना नेऊन उपयोग नाही, ते ट्रॅक्टर पाहून परततात. पाणी किती लांब, सरपण कुठून, बाळंतपणाला कोण, हे बायका पाहतील. यातले काही केल्याने वाघाचे नुकसान होईल असे मला वाटत नाही. वेळ मात्र लागेल. आणि वेळाविषयीच मला शेवटी सांगायचे आहे.

दिवाळीत मी आजीला त्या बर्फाची गोष्ट कोरकूत सांगितली. बर्फाला आमच्याकडे काय म्हणावे हा एक वेगळाच घोटाळा झाला. मी गारांचा डोंगर असे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जमीन वर आली, पाणी लांब गेले. मग काठावरच्या माणसांनी काय केले?"

हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. परत आल्यावर सरांना विचारला. सर म्हणाले, त्यांनाही उठावे लागले. किनारा सरकला तशी कोळ्यांची घरे आणि होड्यांच्या पडव्या पाण्यामागे सरकत गेल्या. अश्मयुगातल्या वस्त्यांच्या जागा आज उंच रानात सापडतात. मी वहीत हिशेब केला. वर्षाला आठ मिलिमीटर म्हणजे पंचवीस वर्षांत वीस सेंटिमीटर. एका पिढीत एक वीत. बापाने बांधलेली होडीची पडवी मुलाने थोडी खाली बांधायची, नातवाने आणखी थोडी. आम्हाला एका उन्हाळ्यात तीन सभा आणि एक ट्रक.

हे मी आजीला अजून सांगितलेले नाही. होळीला गावी जाईन तेव्हा सांगेन. होळी हा आमचा मोठा सण, पाच दिवस आम्ही फगवा मागत हिंडतो, त्या वेळी रस्त्यावर आपली गाडी अडविली तर मित्रांनी रागावू नये, दोन रुपये काढावेत. आत्याकडेही जायचे आहे. त्या आजीला मुंड्याचे खरे उत्तर विचारून, नव्हे, साहेबांना खरा प्रश्न विचारून, मग तिला उत्तर द्यायचे आहे. साहेबांची बदली झाली नसली म्हणजे मिळवली.

तो दगड सध्या वसतिगृहाच्या खिडकीत आहे. माझ्या खोलीतली मुलगी त्याने सुपारी फोडते. तिला सांगून ठेवले आहे की होळीला तो परत न्यायचा आहे, जिथून उचलला तिथेच ठेवायचा आहे. आईला मात्र तो आवडला. ती म्हणते, आणतेच आहेस तर घरी आण, लहान वरोटा होईल लसूण ठेचायला.